बिनखड्याचा अंधार

माझी नात परवा हैदराबादच्या त्या मोठ्या करमणुकीच्या बागेतून आली ती थेट माझ्यासमोर मांडी ठोकून बसली. "आजी, तिथं अंधारातली एक गाडी आहे. चष्मा लावायचा, गाडीत बसायचं आणि मग भुतं अंगावर येतात. तू बसलीस ना, तर तुझी कवळी बाहेर पडेल."

"बसलेय मी तिच्यात," मी म्हटलं. "कवळी जागेवर होती. पण जुनी गाडी जास्त बरी होती बघ."

"जुनी कुठली?"

आता हिला काय सांगायचं! जुनी गाडी सांगायची तर आधी आमचे उदगीरचे घरमालक सांगायला हवेत. गेल्या वर्षी ते गेले. गाड्या काय, अंधार काय, यातलं मला जे कळतं ते सगळं त्यांचं. माझी भर फक्त एका किंकाळीची.

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची आडत होती. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं, म्हणून मीही अप्पाच म्हणायची. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, खांद्यावर दस्ती. दस्ती म्हणजे आमच्याकडचा खांद्यावर टाकायचा रुमाल. ती नसली तर अप्पा स्वतःला उघडे समजायचे. पान नाही, पत्ते नाहीत, सिनेमा नाही. सिनेमाला का जात नाही असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "तिथं अंधार करतेत आन् लगीच समोर दिवा लावतेत. मग अंधार कायकू केला?"

अप्पांना शौक होता तो अंधाराचा. जत्रेत तेव्हा भुताची रेल यायची. पत्र्याचा आणि ताडपत्रीचा लांबोडका मांडव, बाहेर जीभ काढलेली बाई रंगवलेली, आत जमिनीवर लोखंडी रूळ. त्यावर दोन बाकांची ढकलगाडी, एका बाकावर दोघं. मागून माणसं ढकलायची. काळा पडदा बाजूला व्हायचा, गाडी आत जायची, आणि मग कुठं सुतळीचे लोंबते धागे तोंडावरून फिरायचे, कुठं ओलं फडकं मानेला लागायचं, कुठं टेपरेकॉर्डरवर एक बाई खदाखदा हसायची. बॅटरी उतरली की तीच बाई पुरुषासारखी हसायची, ते जास्त भयंकर वाटायचं.

उदगीरची जत्रा झाली, लातूरची झाली, आणि कुणी नुसतं म्हणालं की हिमायतनगरला नवी रेल आलीय, तर अप्पा आडत मुनिमावर टाकून हिमायतनगरला. पोत्यात लोखंडी नळी खुपसून मूठभर दाणे काढायचे, तळहातावर पसरायचे, एखादा दाताखाली फोडायचा आणि मालाची प्रत सांगायची, हा त्यांचा रोजचा धंदा. अंधाराचंही तसंच. मांडवातून बाहेर आले की ते क्षणभर जबडा हलवायचे, जणू दाताखाली काही आहे, आणि निकाल द्यायचे. "खडे हायेत." म्हणजे ताडपत्रीला भोकं आहेत, उजेडाचे ठिपके दिसतात. "भिजका हाय." म्हणजे आत कोंदट आहे, घामाचा वास येतो. "वरचा थर चांगला, खाली माती." म्हणजे सुरुवातीला काळोख झकास, पण मागचं दार उघडं राहिलंय. बिनखड्याचा अंधार आपल्याला आयुष्यात फार थोड्या वेळा मिळाला असं सांगत. कुठं मिळाला ते मात्र नाही सांगायचे.

तिकीट काढलं की अप्पा डोळे मिटून घ्यायचे. "अंधार आधी डोळ्यांत मुरू द्यावा लागतो." मग कुणीतरी धरून त्यांना गाडीपर्यंत न्यायचं आणि बसवायचं. आणखी एक गंमत म्हणजे ते अजिबात भ्यायचे नाहीत, पण प्रत्येक भुताला एक आरोळी द्यायचे. चेहरा मोंढ्यात बसल्यासारखा शांत, आणि तोंडानं "अगं आई गंऽऽ!" मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "त्या बिचाऱ्यांनी एवढ्या उकाड्यात फडकी भिजवायची, सुतळ्या बांधायच्या. आपुन गप बसून निघून यायचं? बरं दिसतंय का?"

मी त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायला गेले तेव्हा तेवीस वर्षांची होते. नांदेडहून बी.एड. करून आलेली, मुलींच्या शाळेत नवी लागलेली, आणि जगातलं सगळं कळलेली. बी.एड.ला मानसशास्त्राचं एक पुस्तक होतं. त्यातली अर्धी पानं मी वाचली होती आणि उरलेली अर्धी वाचायची मला गरज वाटली नव्हती. "भीती ही केवळ मनाची एक अवस्था आहे," असं मी वर्गात सांगायची आणि घरी पाल दिसली की काकूंना हाक मारायची. काकू म्हणजे अप्पांच्या पत्नी. त्या पदर खोचून वर यायच्या, पाल हाकलायच्या आणि म्हणायच्या, "गेली बरं का बाई, मनाची अवस्था."

घरात सत्ता अव्वांची. अव्वा म्हणजे अप्पांच्या आई. त्यांच्यासमोर अप्पा आणि काकू एकमेकांशी एक शब्द बोलायचे नाहीत. काकू भिंतीकडे बघून म्हणायच्या, "जेवायला वाढलंय म्हणावं." अप्पा खांबाला सांगायचे, "आलोच म्हणावं." आणि अव्वांचे कान असे, की माजघरात कुजबुजलं तरी परसात त्यांची मान वळायची.

त्यांची थोरली मुलगी महानंदा माझ्या शाळेत दहावीला होती. गणितात अशी हुशार, की मी फळ्यावर चुकले तर खोकायची. एक दिवस ती माडीवर आली आणि दारातच उभी राहिली. "बाई, अकरावी सायन्सचे प्रवेश कधी सुरू होतेत?"

"अगं, पण तुझं तर निलंग्याचं स्थळ ठरतंय ना? अव्वा म्हणत होत्या, परीक्षा झाली की बार उडवायचा."

"त्याच्या आधी होतेत का, तेच इचारायलेय," ती म्हणाली आणि खाली निघून गेली.

मी पेटले. त्याच संध्याकाळी ओट्यावर अप्पांना गाठलं आणि स्त्रीशिक्षणावर भाषण ठोकलं. राष्ट्र आलं, समाज आला, दोन चाकांचा रथही आला. अप्पांनी कानामागे हात धरून सगळं ऐकलं. शेवटी म्हणाले, "लई झकास बोलता बाई तुमी. पाणी पिता का?" मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज पाणी प्यायले.

आता एक रीत सांगायला हवी. आडतीवर किंवा देवणीच्या बैलबाजारात तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. दोघांनी हातात हात द्यायचा, वरून दस्ती टाकायची आणि आत बोटांनी बोलायचं. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. भोवती माणसं उभी, पण कुणाला काही कळत नाही. समोरच्याला पटलं नाही तर तो धरलेली बोटं उकलतो आणि आपली बोली लावतो. पटलं तर हातावर दोन थापा. थापा पडल्या की सौदा पक्का, मग आभाळ कोसळलं तरी मोडायचा नाही. दस्तीखालचा सौदा मोडलेल्या माणसाला मोंढ्यात कुणी चहा विचारत नसे.

निलंग्याची मंडळी सोमवारी सुपारी फोडायला येणार होती. त्याच्या आधी जत्रा आली. अप्पा दर जत्रेला काकूंना घेऊन भुताच्या रेलीत बसायचे, ही घरातली वहिवाट होती. अव्वांनाही तिचं काही वाटत नसे. आपल्या लेकाला वेड आहे आणि सुनेला त्याच्यासोबत भुतांत बसावं लागतं, हे त्यांना बरंच वाटत असावं. त्या वर्षी महानंदा आणि मीही गेलो. मी रस्ताभर भीतीच्या मानसशास्त्रावर बोलत होते.

तिकीट काढलं. अप्पांनी डोळे मिटले. महानंदानं त्यांना पुढच्या बाकावर नेऊन बसवलं आणि ती मागच्या बाकावर गेली. काकू गाडीत चढणार तेवढ्यात त्यांची चप्पल रुळात अडकली. त्या वाकल्या. ढकलणारा ओरडला, "चला चला, बसून घ्या!" आणि त्यानं मला दंडाला धरून अप्पांशेजारी ढकललं. काकू कशाबशा मागे चढल्या, पडदा पडला.

पहिली सुतळी तोंडावरून फिरली तेव्हाच माझं मानसशास्त्र संपलं. तेवढ्यात अंधारात एक हात आला आणि माझ्या हातावर पडला. वरून काही कापड आलं. मी ते भूतच समजले. मग ध्यानात आलं, हा अप्पांचा हात आहे! घरमालकाचा! कपाळावर भस्म लावणाऱ्या माणसाचा! मी हात ओढणार, एवढ्यात मानेला ओलं फडकं बसलं. मी अशी किंचाळले की टेपवरची बाई ऐकू येईनाशी झाली, आणि जो हात झिडकारायचा तोच पंजा मी दोन्ही हातांनी गच्च धरला. शेजारी अप्पा शांतपणे "अगं आई गंऽऽ" म्हणत होते. मध्येच त्यांनी माझी बोटं उकलायचा प्रयत्न केला, तशी मी आणखी आवळली. शेवटच्या वळणावर त्यांनी माझ्या हातावर हळूच दोन थापा मारल्या. मला वाटलं, धीर देताहेत. मग उजेड दिसायच्या आधी त्यांनी हात काढून घेतला, दस्ती खांद्यावर टाकली आणि उतरून, डोळे अजून मिटलेलेच, जबडा हलवला. "यंदा खडे न्हाईत," म्हणाले आणि महानंदाच्या खांद्यावर हात ठेवून चालू लागले.

मी घरी येईपर्यंत खोली सोडायचं ठरवलं होतं. संध्याकाळी काकू भाकरी थापत होत्या, त्यांच्याजवळ जाऊन मी हलक्या आवाजात, शक्य तितक्या शुद्ध मराठीत म्हटलं, "काकू, आपल्याला सांगताना मला फार संकोच होतो. पण आत अप्पांनी माझा हात धरला."

काकूंचा हात थांबला. मला वाटलं, आता या रडतील. त्यांनी अव्वा परसात आहेत ना ते वाकून बघितलं आणि विचारलं, "किती बोटं?"

"काय?"

"तुमी किती बोटं धरली त्यांची?"

"बोटं कसली? मी घाबरून अख्खा पंजा धरला."

"सोडला कधी?"

"सोडला नाहीच. ते सोडवत होते, तरी नाही."

"आन् थापा? थापा मारल्या का?"

"दोन मारल्या. मला धीर द्यायला."

काकू पिठाच्या हातांनीच खाली बसल्या. तव्यावरची भाकरी करपली, तरी उठल्या नाहीत. "पाच!" त्या म्हणाल्या. "बाई, म्या दोनच मागणार व्हते! अकरावी-बारावी. ते एकावर आणतील म्हणून भीत व्हते. तुमी पाच घेतले?"

मग मला कळलं. या घरात काकूंना नवऱ्याशी काही ठरवायचं तर जागाच नव्हती. म्हणून वर्षातून एकदा, त्या रेलीत, दस्तीखाली. माहेरी किती दिवस जायचं, धाकट्याला कितव्या वर्षी शाळेत घालायचं, सगळं तिथं ठरायचं. तोंडानं बोलायला तिथंही दोघांना लाजच वाटायची. पुन्हा मागच्या बाकावर कुणीतरी असायचंच. यंदाची बोली महानंदाच्या शिक्षणाच्या वर्षांची होती, हे दोघांनाही न बोलता ठाऊक होतं. आणि ती बोली मी लावून बसले होते.

"पण त्यांना कळलं की हात माझा होता, तर?"

"तर सौदा खोटा," काकू म्हणाल्या. "डोळे मिटल्याले व्हते त्यांचे, आन् किंचाळतेत तर समदेच. कळू द्यायचं न्हाई. पोरीची शपथ हाय तुमाला."

सोमवारी निलंग्याची मंडळी आली. मी माडीच्या जिन्यात बसून ऐकत होते, महानंदा माझ्याखालच्या पायरीवर. चहा झाला, फरसाण झालं. सुपारीचं ताट पुढं आलं तसे अप्पा म्हणाले, "एक सांगायचं ऱ्हायलं. पोरगी पाच साल द्यायची न्हाई. शिकायचीय ती."

अव्वा आतून गरजल्या, "कुणी ठरवलं?"

"सौदा झालाय अव्वा."

"कुणासंगं?"

"दस्तीखालचं गिऱ्हाईक सांगत न्हाईत."

निलंग्याचा मामा म्हणाला, "अवो अप्पा, पोरीच्या लग्नात मोंढा कशाला आणता? पाच सालानं आमचं पोरगं म्हातारं हुईल की!"

"मग त्याचं आधी उरका," अप्पा म्हणाले.

मंडळी तशीच उठली. हे स्थळ अप्पांच्या भागीदारानं आणलं होतं. त्यानं महिन्याभरात वेगळी आडत थाटली. अव्वांनी मुलाशी बोलणं टाकलं. ते टाकलं ते महानंदाचा बारावीचा निकाल पेपरात छापून येईपर्यंत. तेवढा काळ अप्पा रोज त्यांच्या पायाशी बसून पाय चेपायचे आणि त्या भिंतीकडे तोंड करून चेपून घ्यायच्या. पण अप्पांनी सौदा मोडला नाही.

आणि मी? हाताला हात लागला तर ओळखतील, म्हणून मी माझा हात लपवला. हसू नका. अप्पांनी प्रसाद दिला तर मी पदरात घ्यायची. किल्ली द्यायची असली तर खिडकीत ठेवायची. संक्रांतीला तिळगूळ त्यांनी पुढं केला तर "तोंडातच टाका अप्पा" म्हणून आ करायची, घोड्यासारखी. माझं लग्न होऊन मी लातूरला आले, तेव्हाही पाया पडताना हात पाठीमागे धरून नुसतं डोकं टेकवलं. अव्वा म्हणाल्या, "नांदेडची रीत दिसतीय."

महानंदानं त्या पाच वर्षांत बारावी केली, बी.एस्सी. केली. पुढचं मग तिनं कुणाला विचारलं नाही. आज ती लातूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, आणि लग्नही तिनं आपल्या मनानं केलं. तिला रेलीतली गोष्ट आम्ही कधी सांगितली नाही. काकू गेल्या, त्याही न सांगता गेल्या.

दोन वर्षांपूर्वी तिनंच आम्हाला हैदराबादला नेलं. अप्पांना पाहायचं होतं, नवा अंधार कसा असतो ते. ऐंशी ओलांडलेला माणूस. हातात काठी, खांद्यावर दस्ती. थंडगार रांग. चष्मे वाटणारी मुलगी. गाडीला रूळच नव्हते, ती आपल्या मनानं वळायची. प्रत्येकाच्या छातीवर आपोआप एक दांडा उतरायचा. शेजाऱ्याचा हात धरायचा म्हटलं तर पत्ता विचारत जावं लागेल. मग पडद्यांवरून भुतं आली, वारं आलं, तोंडावर बारीक पाणी उडालं, खुर्ची गदागदा हलली. मला पुष्कळ कुतूहल होतं, म्हणून मी एक डोळा उघडा ठेवला होता. अप्पांचे दोन्ही मिटलेले. आरोळ्या मात्र वेळच्या वेळी.

बाहेर आल्यावर एका बाकावर त्यांना बसवलं. जबडा हलला. महानंदानं विचारलं, "काय अप्पा, कसा हाय माल?"

"खडा एक बी न्हाई," ते म्हणाले. "पॉलिशची डाळ हाय. मिलमधनं निघाल्यावाणी."

"म्हंजे चांगला की वाईट?"

"चांगलाच की. कष्ट हायेत त्याच्यात. पण टरफल काढलं का कुण्या रानातली तूर ते वळखत न्हाई. जुन्या रेलीत फडकं मारणारा डावखुरा हाय का उजवा, ते मानंला कळायचं. हितं कुणाचा हातच लागत न्हाई. मला हात कळतेत." आणि मग माझ्याकडे न बघता, "बाई, तुमचाबी कळला व्हता."

मी हात पदराखाली घेतला. "कधी?"

"धरल्याबरुबर. हिच्या आईचा हात भाकरी थापून भाजल्याला. तुमचा खडूनं खरबरीत, आन् तेवढाच वल्ला."

"कुठला हात? काय झालतं?" महानंदा म्हणाली. मग अप्पांनी तिला सगळं सांगितलं. रेल, दस्ती, पाच. मी मध्येच म्हटलं, "अप्पा, पण माहीत होतं तर सौदा खोटा होता! तुम्ही उलट बोली का नाही लावली?"

"खोटा कसा? दस्तीखाली हात घातला का माणूस गिऱ्हाईक. लावणार व्हतो की बोली. तुमची बोटं उकलून दोनावर आणावं म्हनलं. तुमी सोडंनात. नखं रुतवली. ही बघा, हितं." त्यांनी मनगट पुढे केलं, तिथं सुरकुत्यांशिवाय काही नव्हतं. "तुमची भाषणं लई झकास, पण भाषणानं माझं काय हाललं न्हवतं. त्या दिशी हाललं. म्या मनात म्हनलं, ही परकी बाई माझ्या लेकीसाठी एवढं गच्च धरून बसलीय, आन् म्या बाप असून सोडवून ऱ्हायलोय. मग म्या थापा मारल्या."

महानंदा माझ्याकडे बघायला लागली. साठीकडं झुकलेली, कॉलेजात मुलांना चळाचळा कापायला लावणारी बाई. पण बघत होती ती माडीच्या दारात उभ्या राहिलेल्या दहावीतल्या पोरीसारखी. मला तोंड उघडून सांगायचं होतं, अगं, मानेला ओलं फडकं बसलं होतं, तुझं नाव माझ्या डोक्यातही नव्हतं. पण अप्पा समाधानानं मान डोलवत होते. त्यांनी ज्या सौद्यापायी भागीदार गमावला आणि आईचा अबोला सोसला, त्यातलं गिऱ्हाईक मी असं उभ्या उभ्या कसं काढून घेऊ?

"अजून एक फेरी मारू," अप्पा काठी टेकत उठले. "ह्या बारीला बाईंना म्होरं बसवा. त्या भीत न्हाईत."

महानंदा अजून तशीच बघत होती. त्या बघण्यापेक्षा भुतं परवडली. मी चष्मेवालीकडून चष्मा घेतला आणि सगळ्यात पुढच्या खुर्चीत जाऊन बसले.